रेखणारा हात, भरणारा हात : 'आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स' चळवळीतील भरतकामाचे कर्तृत्व

साहित्यसिद्धान्ताला वस्त्राच्या प्रतिमांचे आकर्षण जुने आहे. 'सूत्र' म्हणजे दोरा, 'ग्रंथ' म्हणजे गुंफून बांधलेले, हे आपली परंपरागत परिभाषाच सांगते. युरोपीय भाषांतील 'टेक्स्ट' हा शब्दही विणण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. रोलाँ बार्थने १९७३ साली संहितेला विणल्या जाणाऱ्या वस्त्राची आणि कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली व त्या जाळ्यात कर्ता विरघळून जातो असे सुचविले. मराठी समीक्षेनेही 'संहितेचा पोत', 'आशयाचे धागे', 'कथनाची वीण' हे शब्दप्रयोग इतक्या सढळपणे केले आहेत की ते आता रूपके वाटतच नाहीत. या उपमांमध्ये वस्त्र असते, धागे असतात, वीण असते; सुई हाती धरलेले माणूस तेवढे नसते. कर्त्याच्या मृत्यूची घोषणा ज्या प्रतिमेच्या आधाराने झाली, त्या प्रतिमेतली मूळ कर्ती मुळात कधी जन्माला आली होती काय, असा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो.

हा प्रश्न केवळ उपमेच्या पातळीवर सोडविता येणार नाही. त्यासाठी जेथे भरतकामाच्या कर्तृत्वाचा प्रश्न प्रत्यक्षात उपस्थित झाला, दरपत्रकांत, प्रदर्शनांच्या सूचींत आणि वस्तुसंग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर लढविला गेला, अशा एखाद्या ऐतिहासिक प्रसंगाकडे वळणे इष्ट. ब्रिटनमधील 'आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स' चळवळ, साधारणतः १८६० ते १९१४ हा कालखंड, हा तसा प्रसंग आहे. ही संज्ञा कॉब्डेन-सँडरसन यांनी १८८७ साली एका प्रदर्शन-संस्थेच्या नावासाठी सुचविली. तिच्यामागील विचार मात्र बराच आधीचा. जॉन रस्किन यांनी 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या १८५३ मधील दुसऱ्या खंडात गॉथिक शिल्पाविषयी लिहिताना असा मुद्दा मांडला की, औद्योगिक श्रमविभागणीत खरे विभाजन कामाचे होत नाही, काम करणाऱ्या माणसाचे होते; विचार करणारा एकीकडे आणि राबणारा दुसरीकडे असे त्याचे दोन तुकडे पडतात. विल्यम मॉरिस यांनी हे प्रकरण १८९२ साली आपल्या केल्मस्कॉट मुद्रणालयातून स्वतंत्र पुस्तक म्हणून छापले, यावरून त्यांना ते किती पायाभूत वाटत होते हे कळते. डोके आणि हात पुन्हा एका देहात आणावयाचे, ही या चळवळीची प्रतिज्ञा होती. ती प्रतिज्ञा भरतकामाच्या चौकटीपाशी आली तेव्हा तिचे काय झाले, एवढ्याच गोष्टीचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडेसे. 'डिझाइन'ला मराठीत 'संकल्पन' हा शब्द रूढ होत गेला आहे. तो सोयीचा आहे आणि येथेही वापरला आहे. परंतु तो निष्पक्ष नाही. 'संकल्प' मनात होतो. हात त्यानंतर येतो आणि मनाची आज्ञा पाळतो. उलट 'नक्षी' हा शब्द घ्या. नक्षी 'काढली' जाते, 'भरली' जाते, 'उठते'ही. ती कागदावरही असते आणि कापडावरही, आणि ती नेमकी कोठे जन्मली याविषयी भाषा काही बोलत नाही. 'संकल्पन' म्हणताच कर्तृत्वाचा निवाडा होऊन गेलेला असतो. इंग्रजीत 'डिझाइन' या शब्दाने नेमके हेच केले, आणि त्या निवाड्याचा भार एकोणिसाव्या शतकात मुख्यतः स्त्रियांवर पडला.

या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरांत 'बर्लिन वूल वर्क'चे साम्राज्य होते. बर्लिनमधून छापून येणारे चौकटींचे रंगीत तक्ते, तसाच चौकटींचा कॅनव्हास, आणि घरे मोजून त्यात रंगीत लोकर भरणारी स्त्री. पुढच्या सुधारकांनी या कामाची येथेच्छ टवाळी केली. त्यांचा रोख भडक रंगांवर आणि लोकरीच्या कुत्र्या-पोपटांवर होता. काम करणाऱ्या स्त्रीला निर्णयाचे स्वातंत्र्यच नाही, हा आक्षेप त्या मानाने दुय्यम राहिला. तो मुख्य असता तर सुधारकांना स्वतःच्या योजनेकडेही पाहावे लागले असते. कारण त्यांच्या योजनेतही रेखणारा एक आणि भरणारी दुसरी होती. १८५४ साली अ‍ॅग्नेस ब्लेन्को यांनी चर्चमधील भरतकामासाठी स्त्रियांची एक संस्था काढली, तिचा नमुना हाच होता : वास्तुशिल्पी जी. ई. स्ट्रीट आणि त्यांच्या वर्तुळातील पुरुषांनी मध्ययुगीन धर्तीची चित्रे द्यावीत, आणि स्त्रियांनी ती भक्तिभावाने भरावीत. १८५६ मध्ये तरुण मॉरिस ज्यांच्या कार्यालयात उमेदवारी करीत होते, ते हेच स्ट्रीट.

मॉरिस यांचे स्वतःचे उदाहरण मात्र वेगळे आहे आणि ते न्यायाने नोंदविले पाहिजे. १८५७ च्या सुमारास त्यांनी जुन्या पद्धतीची चौकट करून घेतली, लोकर रंगवून घेतली आणि एक पडदा स्वतः भरला. झाडे, पक्षी आणि त्यांचे ब्रीदवाक्य, 'इफ आय कॅन', म्हणजे 'जमले तर'. काम ओबडधोबड आहे, टाके दाट आणि जड आहेत. पण डोके आणि हात एका देहात असण्याचा याहून प्रामाणिक पुरावा मिळणे कठीण. १८५९ मध्ये जेन बर्डन यांच्याशी विवाह झाल्यावर 'रेड हाउस'साठी दोघांनी मिळून काम केले. जेन या ऑक्सफर्डमधील एका मोतद्दाराच्या कन्या. जुने भरतकाम उसवून, टाका कसा घातला आहे हे पाहून ही विद्या आपण शिकलो, असे त्यांनी पुढे आपल्या मुलीसाठी लिहून ठेवलेल्या टिपणांत म्हटले आहे. 'डेझी' पडद्यासाठी वापरलेले निळीत रंगविलेले सर्जचे कापड लंडनमधील एका दुकानात त्यांनाच सापडले होते. येथे क्षणभर थांबावयास हवे. जाडेभरडे निळे कापड निवडणे म्हणजे लोकरीचा धागा निवडणे. लोकर निवडली की बारीक छायेचे काम अशक्य होते आणि फुलाला ठळक, सुटा आकार द्यावाच लागतो. मग 'डेझी' पडद्याच्या संकल्पनाचा आरंभ कोठे झाला? मॉरिस यांच्या कागदावर, की त्या दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यापाशी? कलेतिहासाने या प्रश्नाचे उत्तर विचार न करता देऊन टाकले आहे.

१८६१ मध्ये व्यवसायसंस्था स्थापन झाली आणि हे घरगुती सहकार्य हळूहळू उत्पादनपद्धती बनले. जेन आणि त्यांची बहीण एलिझाबेथ बर्डन कामावर देखरेख करीत, बाहेरच्या स्त्रियांना काम वाटून देत. पुढे एलिझाबेथ 'रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क'मध्ये शिकवू लागल्या. १८७२ साली स्लोन स्ट्रीटवरील एका टोप्यांच्या दुकानाच्या माडीवर वीसएक स्त्रियांनिशी सुरू झालेल्या या संस्थेचा हेतू दुहेरी होता : भरतकामाचा दर्जा उंचावणे आणि आर्थिक अडचणीत सापडलेल्या घरंदाज स्त्रियांना प्रतिष्ठा न गमावता करता येईल असे काम देणे. 'प्रतिष्ठा न गमावता' या अटीत फार मोठा आशय दडलेला आहे. घरंदाज स्त्रीने पैशासाठी काम करणे तेव्हाच सह्य होते, जेव्हा ते काम घरातल्या विरंगुळ्यासारखे दिसेल. मॉरिस, बर्न-जोन्स, वॉल्टर क्रेन यांच्यासारख्यांची चित्रे, त्यांची नावे, आणि भरणाऱ्या अनामिका. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात संस्थेची वाहवा झाली; पाहणाऱ्यांत कँडेस व्हीलर होत्या, आणि त्यांनी पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट' उभी केली.

श्रीमंत घरांतली स्थितीही रचनेच्या दृष्टीने वेगळी नव्हती. यॉर्कशरमधील राउंटन ग्रेंज या वाड्याच्या भोजनगृहासाठी मॉरिस आणि बर्न-जोन्स यांनी चॉसरशी जोडल्या गेलेल्या गुलाबाच्या रूपककथेवर एक लांबलचक भित्तिपट्ट रेखला. तो भरला मार्गारेट बेल आणि त्यांच्या मुलींनी. १८७४ ते १८८२ अशी आठ वर्षे त्यात गेली. चित्र काढावयास किती दिवस लागले असतील याची कल्पना करता येते. आठ वर्षांत सुईने घेतलेले निर्णय (धागा कोणत्या दिशेने वळवावयाचा, कोणत्या छटेनंतर कोणती, पदराची घडी रेशमाच्या चकाकीने दाखवावयाची की रंगाने) मोजदादीपलीकडचे आहेत. तरी हा पट्ट आजही मॉरिस–बर्न-जोन्सचाच म्हणून ओळखला जातो.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाच्या व्यक्तीकडे यावयाचे. मे मॉरिस (१८६२–१९३८) या विल्यम आणि जेन यांच्या धाकट्या कन्या. साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत त्या भरतकाम शिकल्या आणि १८८५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, 'मॉरिस अँड कंपनी'च्या भरतकाम विभागाच्या प्रमुख झाल्या. तेथून पुढे या विभागातून बाहेर पडलेली बहुतेक संकल्पने त्यांची आहेत. ती विकली गेली 'मॉरिस' या नावाने, आणि ते नाव कोणाचे हे ग्राहकाने ठरवूनच ठेवले होते. १८८३ मधील त्यांचा 'हनिसकल' हा भिंतीवरचा कागद दीर्घकाळ वडिलांच्या नावावर जमा होता. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या 'आर्ट वर्कर्स गिल्ड'मध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता (तो १९६० च्या दशकापर्यंत मिळाला नाही). म्हणून १९०७ मध्ये मे यांनी 'विमेन्स गिल्ड ऑफ आर्ट्‌स' स्थापिली. वडिलांचे समग्र वाङ्मय चोवीस खंडांत, १९१० ते १९१५ या काळात, संपादित केले ते त्यांनीच. म्हणजे ज्या नावाखाली स्वतःचे काम झाकले गेले, त्या नावाचे स्मारकही त्यांनीच रचले. यात काव्यात्म न्याय शोधण्याचा मोह टाळलेला बरा. त्यात श्रम होते.

१८९३ मध्ये प्रसिद्ध झालेले मे मॉरिस यांचे 'डेकोरेटिव्ह नीडलवर्क' हे छोटे पुस्तक भरतकामाची हस्तपुस्तिका म्हणून वाचले जाते. ते कलामीमांसा म्हणून वाचले पाहिजे. पुस्तकाची मांडणीच पाहा : साखळी टाका, रफूसारखा टाका, चौकटीवरचे काम, कापडावर कापड लावून करावयाचे काम हे सारे आधी येते आणि संकल्पनाची चर्चा नंतर. हा क्रम केवळ अध्यापनाच्या सोयीचा मानता येत नाही. टाका हा भाषेतील पदाप्रमाणे आहे, त्याला स्वतःचे व्याकरण आहे आणि काय 'बोलता' येईल हे ते व्याकरण आधीच ठरविते, अशी भूमिका त्यामागे दिसते. साखळी टाका रेषेला वळण देतो, पृष्ठभाग भरताना मात्र त्याला ओळींची शिस्त लागते. रफूचा टाका कापडाच्या विणीशी समांतर चालतो आणि रंगाचा सपाट, झळाळता पृष्ठ देतो. पानाच्या शिरेच्या दिशेने टाके वळविले की उजेड पानावर वेगळा खेळतो. रंग न बदलता छटा बदलते. हा परिणाम कागदावर रेखता येत नाही. तो केवळ टाक्यात अस्तित्वात असतो. मे मॉरिस यांनी १९०५ च्या सुमारास 'बर्लिंग्टन मॅगझिन'मध्ये मध्ययुगीन इंग्रजी भरतकामावर लेख लिहिले, तेव्हा त्यांनी वस्त्राकडे याच नजरेने, टाक्यापासून चित्राकडे जात, पाहिले. चित्रकलेच्या इतिहासकाराची नजर उलट दिशेने जाते.

परंतु सिद्धान्त आणि कर्मशाळा यांत अंतर पडते, आणि येथे मे मॉरिस यांच्याविषयी आदर असूनही कठोर व्हावे लागते. १८९० नंतर भरतकाम विभाग लंडनमध्ये हॅमरस्मिथ टेरेसवरील त्यांच्या घरात चालत असे. १८९२ ते १८९६ या काळातील विभागाची रोजवही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. वस्तू, ग्राहक, किंमत. त्यावरून व्यवहाराचे स्वरूप कळते : पूर्ण भरलेली वस्तू महाग, नुसते चित्र उतरविलेले कापड व रेशीम स्वस्त, आणि मधला एक प्रकार, ज्यात एक कोपरा भरून 'सुरू करून' दिलेला असे, म्हणजे घरी नेऊन ग्राहकस्त्रीने तो पुढे चालवावा. हा मधला प्रकार सिद्धान्ताच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. एकच टाका, एकाच चित्रावर, हॅमरस्मिथमध्ये मजुरी होता आणि केन्सिंग्टनच्या दिवाणखान्यात छंद. एकीस त्याचे पैसे मिळत, दुसरी त्यासाठी पैसे मोजी. आणि दोघींपैकी कोणीही कर्ती नव्हती. बर्लिनच्या तक्त्याची जागा अधिक सुंदर तक्त्याने घेतली होती. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांची बहीण लिली १८८८ ते १८९४ या काळात येथे भरतकाम करीत होती. तिच्या आठवणींत मे मॉरिस यांच्याविषयी जिव्हाळा नाही. ती पुढे आयर्लंडला परतली आणि १९०२ मध्ये एव्हलिन ग्लीसन व आपली बहीण एलिझाबेथ यांच्यासह डब्लिनजवळ 'डन एमर गिल्ड'मध्ये स्वतःचा भरतकाम विभाग चालवू लागली, हे त्या आठवणींवरचे तिचे खरे भाष्य. मॉरिस यांच्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' (१८९०) या कल्पितराज्यात फिलिपा नावाची स्त्री दगडावर कोरीव काम करते आणि तिला कामातून उठवणे कोणाला जमत नाही. दगड कोरणारी स्त्री भविष्यात होती. वर्तमानात, एका रस्त्यापलीकडे, रेशीम भरणाऱ्या स्त्रिया ठरावीक तास भरीत होत्या.

स्त्रीवादी समीक्षेने या इतिहासाचे पुनर्वाचन केले, त्याचे मोल निर्विवाद आहे. अँथिया कॅलन यांनी १९७९ साली चळवळीतील लिंगाधारित श्रमविभागणी उघड केली. रोझिका पार्कर आणि ग्रिझेल्डा पोलॉक यांनी १९८१ मध्ये 'श्रेष्ठ कला' व 'कारागिरी' ही उतरंडच स्त्रियांना वगळण्याच्या प्रक्रियेतून घडल्याचे दाखविले. पार्कर यांच्या 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) या ग्रंथाने भरतकाम हे स्त्रीत्वाचे वळण लावणारे साधन आणि त्याच वळणाला विरोध करण्याचे साधनही कसे होते, ही दुहेरी प्रक्रिया मांडली. त्यानंतर मे मॉरिस यांचे नाव वर येत गेले, आणि २०१७–१८ मध्ये वॉल्थमस्टोच्या विल्यम मॉरिस गॅलरीत त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. हे सारे योग्यच झाले. तथापि या पुनर्प्रस्थापनेचा एक भाग — पार्कर यांचे प्रतिपादन याहून गुंतागुंतीचे आहे, त्यांना हा आक्षेप पूर्णांशाने लागू नाही — एका गृहीतकावर उभा आहे. मे यांना न्याय मिळाला तो त्या 'डिझायनर' होत्या हे सिद्ध झाल्यामुळे. 'हनिसकल' वडिलांचा नव्हे, मुलीचा, असे सांगताना रेखणारा हात बदलला. रेखणे म्हणजेच कर्तृत्व, हे समीकरण जसेच्या तसे राहिले. ज्या तराजूने जेन, एलिझाबेथ, लिली यांना हलके ठरविले, त्याच तराजूत मे यांना जड ठरवून आपण समाधान मानले. नावांची यादी लांबली म्हणजे उतरंड मोडली असे होत नाही.

याला पर्याय चळवळीतच उपलब्ध होता. तो लंडनमध्ये नव्हता, ग्लासगोमध्ये होता. जेसी न्यूबेरी (१८६४–१९४८) यांनी १८९४ मध्ये ग्लासगो कलाशाळेत भरतकामाचा वर्ग सुरू केला. तलम रेशमाऐवजी साधे, स्वस्त लिनन. प्रदीर्घ छायाकामाऐवजी गुलाबी लिननच्या गोल तुकड्यांचा, मोजक्या टाक्यांनी बसविलेला तो प्रसिद्ध गुलाब. हा गुलाब पाहिला की तो कागदावर 'संकल्पिला' गेला आणि मग 'उतरविला' गेला असे वाटत नाही. कापडाचा तुकडा, त्याची उसवणारी कड आणि ती कड धरून ठेवणारा टाका यांतूनच त्याचा आकार आला आहे. त्यांच्यानंतर, १९०८ पासून, हा विभाग अ‍ॅन मॅकबेथ (१८७५–१९४८) यांच्याकडे आला. मार्गारेट स्वॉन्सन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 'एज्युकेशनल नीडलक्राफ्ट' (१९११) या पुस्तकाने शाळांतील शिवणकामाची रीतच उलटी केली. त्यापूर्वी लहान मुलींकडून पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने डोळे फुटतील इतके बारीक टाके घालून घेतले जात. आज्ञाधारकपणाचाच तो सराव होता. मॅकबेथ–स्वॉन्सन यांनी लहान वयात जाड कापड, रंगीत दोरा, मोठा टाका दिला. कापडाची दुमड धरणारा टाका रंगीत घातला की तीच किनार होते. जोड झाकण्यासाठी घातलेला टाका हीच नक्षी होते. रचनेतून अलंकरण निघते, वरून येत नाही. शनिवारच्या वर्गांतून हे शिक्षण शाळाशिक्षिकांपर्यंत गेले आणि शिक्षिकांमार्फत पुढल्या वर्गांत.

मराठी सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक परिचित समस्या दिसेल. कांटने वेलबुट्टीची व भिंतीवरच्या कागदाची नक्षी मुक्त सौंदर्याच्या उदाहरणांत घातली होती, रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कांटची सविस्तर चर्चा करीत सौंदर्यसंकल्पनेचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले. किनारीचा हा रंगीत टाका कोणत्या ध्रुवाकडे झुकतो? तो काढला तर कापड उसवेल, म्हणून तो लौकिक. तो असाच रंगीत, एवढ्याच अंतरावर असण्याचे मात्र कापडाच्या गरजेत काहीच कारण नाही, म्हणून तो स्वायत्त. दोन ध्रुवांमधील अंतर येथे एका टाक्याइतके आहे. भरतकामाला 'उपयोजित' म्हणून सौंदर्यचर्चेच्या बाहेर ठेवणाऱ्यांनी स्वतःचेच एक उत्तम उदाहरण गमावले आहे.

मग भरणाऱ्या हाताचे नाव कोठेच नव्हते काय? प्रदर्शन-संस्थेने १८८८ च्या पहिल्या प्रदर्शनापासून सूचीत संकल्पक आणि काम करणारे अशी दोन्ही नावे देण्याचा आग्रह धरला, हे तिच्या श्रेयाला जमा केले पाहिजे, जरी दोन रकाने आखणे म्हणजे भेद मान्य करणेही होते. अधिक विलक्षण उदाहरण आहे ते स्टॅफर्डशरमधील लीक या गावचे. एलिझाबेथ वॉर्डल यांनी १८७९ मध्ये 'लीक एम्ब्रॉयडरी सोसायटी' स्थापन केली. १८८५–८६ मध्ये या स्त्रियांनी मध्ययुगीन बायो पटाची सुमारे सत्तर मीटर लांबीची पूर्ण प्रतिकृती भरली. ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. पस्तीस स्त्रियांनी हे काम केले, आणि प्रत्येकीने आपल्या भागाखाली आपले नाव टाक्यांत लिहिले. ज्यात संकल्पनाचा अंशही त्यांचा नव्हता, जे शुद्ध अनुकरण होते, तेथेच त्या स्वाक्षरी करतात! डिझाइनच्या तर्काने पाहता ही स्वाक्षरी निरर्थक ठरते. टाक्याच्या तर्काने पाहता तिच्याइतकी सार्थ दुसरी नाही. या प्रतिकृतीची एक उपकथाही सांगण्यासारखी आहे. मूळ पटाच्या किनारीवरील नग्न आकृतीला येथे आखूड चड्डी चढविलेली आढळते आणि त्याबद्दल लीकच्या बायकांच्या व्हिक्टोरियन सोवळेपणाची वर्षानुवर्षे चेष्टा झाली. वास्तविक त्यांच्यापुढे होती साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने दिलेली रंगविलेली छायाचित्रे. वस्त्र तेथेच चढले होते. स्त्रियांनी समोर होते ते प्रामाणिकपणे भरले. एरवी भरणारीला कर्तृत्व न देणाऱ्या समीक्षेने दोष तेवढा तत्परतेने तिच्या पदरात घातला.

लीकचा उल्लेख आला म्हणून एक धागा आपल्या बाजूनेही ओढून पाहिला पाहिजे. एलिझाबेथ यांचे पती थॉमस वॉर्डल हे रंगारी. भारतीय टसर रेशमाला रंग धरीत नाही ही अडचण त्यांनी प्रयोगांनी सोडविली, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ते मांडले, आणि १८८५–८६ मध्ये रेशीम-व्यवसायाच्या पाहणीसाठी ते बंगालमध्ये येऊन गेले. सोसायटीच्या भरतकामातील तो मंद, मधाळ चकाकीचा धागा हा टसर आहे. लीकच्या स्त्रियांनी पटाखाली आपली नावे भरली. कोश गोळा करून हा धागा काढणाऱ्या हातांची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात नाही. कर्तृत्वाचा प्रश्न संकल्पकाकडून भरणारीकडे आणला की तो तेथे थांबत नाही, मागे सरकतच राहतो, हे या टसरमुळे ध्यानात येते. आणि वसाहतवादाच्या चर्चेत ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी येथे पुष्कळ काम शिल्लक आहे.

टाक्यातील स्वाक्षरीचा राजकीय अर्थ पुढे १९१० मध्ये ग्लासगोत प्रकट झाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात उपोषण केलेल्या ऐंशी जणींच्या स्वाक्षऱ्या अ‍ॅन मॅकबेथ यांनी लिननच्या तुकड्यांवर भरतकामात आणल्या आणि त्यांची एक रजई रचली. चळवळीच्या निधीसाठी भरलेल्या विक्रीत ती एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी दहा पौंडांना घेतली आणि त्याच वर्षी जूनमधील लंडनच्या मिरवणुकीत ती फलक म्हणून मिरविली गेली. अंथरुणावरची वस्तू रस्त्यावर आली. हस्ताक्षर म्हणजे व्यक्तीच्या उपस्थितीची खूण आणि अनुपस्थितीतही चालणारी खूण, हे द्वैत सिद्धान्तवाल्यांनी बरेच चघळले आहे. येथे ऐंशी हस्ताक्षरे दुसऱ्या हाताच्या सुईतून गेलेली आहेत, आणि तरीही त्यांतल्या एकाही नावाची मालकी बदलत नाही. मॅकबेथ यांनाही पुढे एकांतकोठडी आणि सक्तीने अन्न भरविणे या गोष्टी सोसाव्या लागल्या. या रजईत 'संकल्पन' कोणाचे, असे विचारले तर मॅकबेथ यांचे असे उत्तर देता येते; पण तिच्यात वाचावयाचे जे आहे, ते त्या रेखणाने आलेले नाही.

केल्मस्कॉट मॅनरमध्ये विल्यम मॉरिस यांचा पलंग आहे. त्याच्या वरच्या झालरीवर मॉरिस यांनी त्या पलंगासाठी रचलेली कविता भरलेली आहे. अक्षरांचे आणि पडद्यांचे संकल्पन मे यांचे, आणि १८९१ च्या सुमारास ते भरले मे, लिली येट्स व एलन राइट यांनी. अभ्यासक सहसा या झालरीपाशी थांबतात, कारण तेथे कवी आहे, कविता आहे, वाचता येणारा मजकूर आहे. पलंगावर मात्र एक पलंगपोस आहे. फुलांच्या सुट्या झुपक्यांचा, पांढुरक्या जमिनीवरचा. संकल्पन पुन्हा मुलीचे, काम जेन यांचे. त्याच्या कडेला जेन यांनी फ्रेंचमध्ये तीन शब्द भरले आहेत, 'सी ज प्वी', आणि त्यांपुढे आपले नाव व केल्मस्कॉट. हे शब्द म्हणजे १८५७ च्या त्या ओबडधोबड पडद्यावरचे 'इफ आय कॅन' आहे. पतीचे ब्रीद, त्यांच्या पहिल्या आणि स्वतःच्या हाताने भरलेल्या कामावरचे. चाळीसएक वर्षांनंतर ते जेन यांनी उचलले आहे आणि खाली सही केली आहे. रेखाचित्रात हे शब्द होते की नव्हते याने फारसा फरक पडत नाही. त्या अक्षरांतला धागा किंचित ओढलेला आहे, आणि 'जमले तर' असे म्हणणारा आवाज या वेळी रेखणाऱ्या हाताचा नाही.